पिंपाच्या झाकणाची झांज

तुम्ही हळू वाजवलं आणि यंत्राला ऐकू आलं नाही, तर चूक कोणाची? तुमची, की यंत्राची?

आमच्या कलापथकाने याचं उत्तर दोन मिनिटांत दिलं होतं. चूक ताईंची. ताईंनी मात्र ती रबरी झांज स्टँडवरून काढून उलटी केली, तिच्या पाठीवर नखाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाल्या, "उघडून तर बघू."

त्या कुठलीही वस्तू अशी नखाने वाजवायच्या. एसटीच्या सीटची दांडी, किराणा दुकानातला पत्र्याचा डबा, एकदा माझं डोकंसुद्धा. "आत काय हाय ते कळतं," म्हणायच्या. माझ्या डोक्यात काय सापडलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ताई आंदर मावळातल्या. चाळिशी ओलांडलेल्या, कामशेतला एका खोलीत एकट्या राहणाऱ्या. तळेगावकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर सोल्डरिंग करायच्या. अकरा महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवीन कार्ड, पुन्हा पहिला दिवस. असं नऊ वेळा. कारखान्याने त्यांना कधी कायम केलं नाही. उजव्या मनगटाचं दुखणं तेवढं कायमचं दिलं. चहाचा कप उचलतानाही त्या डावा हात खाली धरायच्या.

आणि या बाईला ड्रम वाजवायचा होता.

त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्माची दीक्षा घेतली आणि गावकीचं वाजवणं सोडलं. हलगी खुंटीवरून उतरवली ती उतरवलीच. ताई म्हणायच्या, "आज्याला नको आसताना वाजवायला लावायचे. मला वाजवायचंय, तर म्हंत्यात बायांनी कोरसमदी ऱ्हावं. आमच्या घराला आपल्या मनानं वाजवायला कधी मिळायचं?" मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मी सगळंच लिहून घेतो. आमच्या घरात पाटीआधी पत्रकं आली. वडील सभेची, मोर्चाची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. म्हणून मला वाक्यं सुचतात तीच मोठ्या आवाजात. ताई मला 'पत्रकवाले' म्हणायच्या.

लोणावळ्यातल्या एका हॉटेलचा ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा त्यांचा जुना इलेक्ट्रॉनिक ड्रम आमच्याकडे आला. रबरी पॅड, रबरी झांजा, सगळ्यांच्या वायरी एका डब्यात आणि डब्यातून आवाज स्पीकरला. चार महिने त्यावर कोणी नीट बसेना, म्हणून ताई बसल्या. ताल पक्का होता. अडचण झांजेची होती. दुखऱ्या मनगटाने त्या हळू मारायच्या, आणि हळू मारलेलं झांजेला ऐकूच यायचं नाही.

पथकाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणायचो, एका तालमीत म्हणाले, "ताई, झांज ऐकू येत न्हाई. लोकांना झांज पायजे. औंढ्याच्या कार्यक्रमापर्यंत जमलं तर ठीक, न्हाईतर आपण पेनड्राइव्हवर ट्रॅक लावू."

"आन् मी?"

"तुमी कोरसमदी हायेच की."

ताईंनी झांज पिशवीत घातली आणि घरी नेली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर झांजेचं पोट फाडलेलं. आत रुपयापेक्षा थोडी मोठी, पितळेची पातळ चकती. ताईंनी समजावलं: काठी पडली की झांज थरथरते, थरथर चकतीत शिरली की चकतीतून इवलीशी वीज निघते, डब्याला ती वीज कळते आणि तो झांजेचा आवाज सोडतो. ही चकती एका बाजूला, कडक गोंदाने घट्ट बसवलेली होती. तिच्या डोक्यावर मारलं की स्फोट व्हायचा, समोरच्या कडेला मारलं की शुकशुकाट.

"हिला एकच कान हाय," ताई म्हणाल्या, "आन् त्यो बी भिताडाला लावलेला."

आधी त्यांनी सोपा उपाय केला. डब्यावर झांजेची संवेदनशीलता वाढवण्याचा आकडा असतो, तो चढवला. मग काठी नुसती टेकवली तरी झांज वाजायला लागली, पण शेजारचा मोठा ढोल वाजला तरी वाजायला लागली. त्या आठवड्याच्या तालमीत मी भाषणाला उभा राहिलो. मला महत्त्वाच्या शब्दावर पाय आपटायची सवय आहे. 'समता' म्हणालो, झांज वाजली. 'न्याय' म्हणालो, वाजली. लाकडी स्टेजवरून माझी लाथ सरळ तिच्या कानात जात होती. सगळे हसत होते.

"पत्रकवाले, तिला तुमचं भाषण लय आवडलंय," ताई म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "न्हाई, हे बी चुकलंच. आदी ऐकू येत नव्हतं, आता नको ते ऐकू येतंय."

त्यानंतर त्यांनी आहे ती झांज सुधारणं सोडून नवीनच करायला घेतली. तांदूळ ठेवायच्या प्लॅस्टिकच्या पिंपाचं झाकण घेतलं. त्याच्या खाली तेलाच्या डब्याचा पत्रा गोल कापून बसवला, म्हणजे थरथर सगळीकडे सारखी पसरेल. वरून चांभाराकडून आणलेलं चपलेचं मऊ रबर. बंद पडलेल्या खेळण्यांच्या भोंग्यांतून दोन चकत्या काढल्या आणि दोन बाजूंना लावल्या, या वेळी कडक गोंदाने नाही, फोमच्या चिकटपट्टीने.

तरीही बरोबर मधोमध मारलं की आवाज मरायचा. दोन दिवस त्या अस्वस्थ होत्या. जेवताना ताट वाजवायच्या. तिसऱ्या दिवशी मी खोलीत शिरलो तेव्हा हसत होत्या. "दोगी भांडत व्हत्या. एकीची लाल वायर दुसरीच्या काळीला जोडली मी. एक म्हंती चल, दुसरी म्हंती थांब. बेरीज शून्य." नऊ वर्षं सोल्डरिंग केलेल्या बाईने वायर उलटी जोडली होती, हे त्यांना स्वतःलाच फार मजेशीर वाटत होतं.

वायरी बदलल्या. त्यांना थोडी ढील ठेवून दोऱ्याने बांधलं, कारण हादऱ्यांनी आधी सोल्डरचा डाग सुटतो. स्टँडवर सायकलच्या ट्यूबचे वॉशर घातले आणि वरचा नट सैल केला. झांज डुलायला लागली आणि जमिनीतून येणारे धक्के ट्यूबमध्येच जिरले. मग डब्यावरचा आकडा पुन्हा उतरवला. मला म्हणाल्या, "आता घाल लाथ." मी पाय आपटला. काही नाही. पुन्हा आपटला. काही नाही. मग त्यांनी करंगळीने कडेला स्पर्श केला. स्पीकरमधून बारीक 'छस्स' आलं, गरम तव्यावर थेंब पडावा तसं.

"ऐकू आलं का?"

"आलं."

"तुला न्हाई रे. तिला इचारलं."

हे सगळं इतर पथकांनाही कळावं म्हणून त्यांनी मला पत्रक लिहायला लावलं. मी सुरुवात केली भांडवली बाजारपेठेच्या मक्तेदारीपासून. ताईंनी वाचलं. "ह्यात चिकटपट्टी कुटली लावायची ते कुटंय?"

"ते खाली येतं, ताई."

"मग वरचं काढ."

काढलं. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव पत्रक आहे, जे लोकांनी घडी घालून खिशात ठेवलं.

औंढ्याला भर दुपारी कार्यक्रम झाला. एका गाण्यात आई लेकराला निजवते असं कडवं आहे. तिथे ताईंनी फक्त झांजेच्या कडेवर काठी फिरवली. मंडपातल्या बाया बोलायच्या थांबल्या. कार्यक्रम संपल्यावर दोन गावांतली मंडळी ड्रमभोवती जमली, झाकण उलटंपालटं करून बघत होती. ताईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिथेच वहीत लिहायला घेतलं, आणि जमलं नाही.

चार दिवसांनी पथकाची बैठक झाली. मास्तर फार खुशीत होते. म्हणाले, "ताईंच्या हातात कला हाय. असले हात काठी मारण्यात कशाला घालवायचे? पाच पथकांची मागणी हाय. ताई झांजा बनवतील, ड्रमवर माझा भाचा बसेल. ताईंच्या मनगटाला बी आराम." टाळ्या पडल्या.

मीही टाळी वाजवली.

ताईंनी पूर्ण खोलीवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "पत्रकवाले, तुमचं काय म्हणनं?"

स्टेजवर लाथा घालून समता मागणारा मी. मास्तरांनी मला पहिलं भाषण दिलं होतं, पुढच्या जयंतीलाही देणार होते. मी म्हणालो, "मनगटाला आराम मिळेल, ते बरंच आहे की."

"व्हय," ताई म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी चाकणच्या पलीकडे कुठेतरी नवीन कंत्राट धरलं आणि कामशेतची खोली सोडली. जाण्याआधी दोन झांजा पुऱ्या करून, वायरी तपासून, आमची तालीम व्हायची त्या विहारात ठेवून गेल्या. मी फोन करतो. उचलतात, बरी आहे म्हणतात, आईच्या गुडघ्याचं सांगतात. ड्रमचं काढलं की शिफ्टची वेळ होते.

भाचा वाईट वाजवत नाही. जोरात वाजवतो. निजवण्याच्या कडव्यात त्याला काय करावं कळत नाही, म्हणून तिथे तो काठ्या मांडीवर ठेवून बसतो आणि कडवं नुसतंच जातं. मी बाजूला उभा असतो. माझं भाषण त्यानंतर असतं.

तुम्ही वाचताय तर एक काम करा. तुमच्या मंडळाची, पथकाची, संघटनेची पुढची बैठक येईल. कुणाच्या तरी भल्याचा निर्णय होईल, आणि जिच्या भल्याचा असेल ती बाई तिथेच बसलेली असेल. ठराव व्हायच्या आधी उभे राहा आणि सगळ्यांसमोर तिला विचारा, तुम्हाला काय करायचंय? तिचं उत्तर येईपर्यंत टाळी वाजवू नका.