माझी सावली आणि आबांचं बोअर

“हिची सावली पडली. पळालं पाणी.” पाणाड्यानं माझ्याकडं बोट केलं. पाणी शोधताना जिथं त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, तिथंच आबांनी बोअर घेतलं होतं. आणि बोअरच्या गाडीखालून नुसता फुफाटा उडत होता.

आबा वैजापूरकडचे मोठे बागायतदार. आई त्यांच्या शेतात कांदा काढायची, मी तिची भाकरी घेऊन आले होते. आम्ही बौद्ध वस्तीतले. दोष द्यायला लांब कशाला जायचं? आबा आईवर ओरडले, “पोरगी आवरता येत नाय व्हय तुला?”

आईनं त्यांचे पाय धरले. “लेकरू हाय. चुकलं आबा.”

काय चुकलं होतं? सगळ्या बायांसमोर माझी आई मातीत वाकली होती, आणि मी भाकरीचं फडकं धरून नुसती उभी.

सगळ्यात वाईट म्हणजे मला ते खरं वाटलं. कितीतरी दिवस मी विहिरीपासून लांबून चालायचे.

मग शाळेत विज्ञानाच्या बाई आम्हाला खदानीवर घेऊन गेल्या. काळ्या खडकावर त्यांनी पाण्याची बाटली ओतली. पाणी जिरलं नाही, वाहत गेलं आणि एका भेगेत गडप झालं. बाई म्हणाल्या, “जमिनीखालीही असंच. भेग लागली तर पाणी, नाहीतर धूळ.”

“बाई, वर कुणाची सावली पडली तर?”

त्या हसल्या. मग माझा चेहरा पाहून थांबल्या. “सावली म्हणजे अडलेला उजेड. बाकी काही नाही.”

मला आधी रडू आलं. मग असा राग आला, की तो अजून गेलेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आबांकडं पुन्हा पाणाड्या आला. वस्तीत निरोप आला, पोरी घरात ठेवा. आई दारात आडवी आली. “नको गं, हातचं काम जाईल.”

मी गेले. पाणाड्याच्या हातावर सावली पडेल अशी मुद्दाम उभी राहिले.

“सरक तिकडं!” आबा ओरडले.

“सरकत नाय. पाणी लागलं तरी माझ्यामुळं नाय, नाय लागलं तरी माझ्यामुळं नाय.”

पाणी लागलं का, ते बघायला मी थांबले नाही. आईचं काम गेलं. आम्ही शहरात, मुकुंदवाडीत पत्र्याच्या खोलीत आलो. लई हाल झाले, खोटं कशाला बोलू? पण आता कुणी गंडा बांधायला सांगितलं, कुणी आमच्या पायगुणाला नावं ठेवली, की आई स्वतःच विचारते, “कशावरून?”

ज्याच्याकडं याचं उत्तर नाही, त्याच्यापुढं आमच्या घरातलं कुणीही पुन्हा वाकणार नाही.