पायऱ्यांवरचं पाणी

झ्लातिना,

घर विकायला काढलंस हे मला दलालाकडून कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं, पण रुसायचं माझं वय नाही. घर तुझं आहे, वीक. दलाल माणूस बरा दिसला, बूट पुसून आत आला. किल्ली शेजारी, माझ्याकडे असते म्हणून मीच त्याला घर दाखवलं. त्याने एकच प्रश्न विचारला. आतल्या खोलीचं दार चौकटीत नाही, भिंतीला टेकून का उभं आहे?

फोनवर मी हा विषय काढला की तू विचारतेस, बाई, लोममध्ये हवा कशी आहे. कागदाला असं अडवता येत नाही. तुला ठाऊक असलेलंही मी पुन्हा सांगणार आहे, कारण अर्ध्यातून सांगितलं की गोष्टीचे हाल होतात.

तुझा बाप दारू पीत नव्हता आणि हात उगारत नव्हता. आमच्या गावात एवढ्यावर माणूस संत ठरतो. कामेन बंदरात वजनकाट्यावर होता. बोटीतून उतरलेला कोळसा, मका, सगळं त्याच्या डोळ्यांखालून जायचं, आणि घरी आल्यावरही काटा बंद व्हायचा नाही. पाव आणायला एवढा वेळ का लागला, फोनवर कोण होतं, हसायला काय झालं. मनासारखं उत्तर मिळालं नाही तर तो बोलणं सोडायचा. आठवडेच्या आठवडे. जेवताना नुसते काटेचमचे वाजायचे. स्तोयनाला, तुझ्या आईला, ते सहन व्हायचं नाही. त्याच्या तोंडून शब्द यावा म्हणून ती काहीही कबूल करायची, न केलेलंसुद्धा.

तू पंधरा वर्षांची झालीस आणि अभ्यासासाठी खोलीचं दार लावून घ्यायला लागलीस. एका रविवारी त्याने स्क्रू काढले, दार उचललं आणि तळघरात आंबवलेल्या कोबीच्या पिंपामागे नेऊन उभं केलं. आवाज चढवला नाही. मी कुंपणावरून विचारलं तर म्हणाला, "मास्तरीणबाई, ज्याला लपवायचं असतं त्याला दार लागतं." मग तू कपडे बदलायला कपाटाच्या आडोशाला जायला लागलीस, आणि रसायनशास्त्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलंस. तुझ्या हुशारीचं श्रेय लोक मला देतात. अर्धं त्या टेबलाचं आहे. माझ्या स्वयंपाकघराला दार होतं, बस.

सोफियात तुझा प्रवेश झाला, विद्यार्थीनगरात खोलीही मिळाली. कामेन म्हणाला, कॉलेज कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी बघू; तोवर वजनकाट्याच्या ऑफिसात एक जागा आहे. म्हणजे दिवसा त्याच्यासमोर आणि संध्याकाळीही त्याच्यासमोर. वसतिगृहाची खोली ऑक्टोबरच्या सुरुवातीला ताब्यात घेतली नाही तर दुसरीला जाणार होती. तू मला म्हणालीस, "बाई, या वर्षी गेले नाही तर मी जाणारच नाही. मला माझी खात्री नाही." एकोणीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून मी याहून शहाणं वाक्य ऐकलेलं नाही.

मग सप्टेंबरच्या उकाड्यात तू अंगात एकावर एक स्वेटर घालून माझ्याकडे यायचीस आणि ब्लाउजवर परत जायचीस. बॅग माझ्या पलंगाखाली भरत होती. आईला सांगायचं नाही, असं तुझं पक्कं होतं. तो गप्प बसला की ती बोलून जाईल, म्हणालीस. मी मान्य केलं. पण एका सकाळी माझ्या कुंपणावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले लोकरीचे मोजे सापडले, नवे विणलेले, तुझ्या मापाचे. मी ते बॅगेत टाकले आणि तुला काही बोलले नाही. उगाच घाबरली असतीस.

निघायचा दिवस द्राक्षं उतरवायचा ठरवला. कामेन पहाटेच मळ्यावर गेला. तू पाव आणायला जावं तशी पिशवी घेऊन बाहेर पडलीस. बॅग घेऊन मी स्टेशनवर होते. तुला डब्यात बसवलं, बॅग वर चढवली, आणि गाडी सुटायला थोडाच अवकाश असताना त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला.

पुढचं तू पाहिलंस, पण मान खाली घालून पाहिलंस. तो डब्यात चढला, बॅग उतरवून घेतली, "उतर" म्हणाला. एवढंच. बॅग फलाटावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. मी त्याला बरंच काही सुनावलं. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याची खात्री होती. तुझं जगातलं सगळं सामान त्या बॅगेत होतं, तेव्हा तू बॅगेच्या मागून येणारच. शिट्टी झाली. तू आपल्या गुडघ्यांकडे बघत बसलीस. गाडी हलली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर बॅग उचलून त्याने अंदाज घेतला, आयुष्यभराची सवय, आणि म्हणाला, "स्वेटर सगळे यातच आहेत. थंडीत काय घालणार ती?" मला विचारलं नव्हतं. मला त्याची कीव आली का, असं विचारशील तर नाही आली. पण वाक्य लक्षात राहिलं.

त्याला कुणी सांगितलं, हे तू गाडीतच ठरवून टाकलंस.

आता तू पाहिलं नाहीस ते. मी चालत परत आले. त्या वर्षी उन्हाळाभर थेंब नव्हता, डॅन्यूबमधली वाळूची बेटं उघडी पडली होती, नळाला एक दिवसाआड पाणी. कामेन घरातल्या बादल्यांमधलं पाणी संध्याकाळी डोकावून बघायचा, कुठे किती गेलं म्हणून. गल्लीत पांढरी धूळ. आणि त्या धुळीत तुमच्या पायऱ्यांपासून फाटकापर्यंत एक ओला पट्टा. पायरीवर जिरेनियमची डहाळी चिकटलेली. वरच्या पायरीवर स्तोयना बसली होती, तांब्याची कळशी शेजारी आडवी.

तू कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती थांबली आणि तुझ्या वाटेवर अख्खी कळशी ओतली. दुसरं काय करणार? आपल्याकडे मूल परीक्षेला निघो, सैन्यात जावो, मागून जिरेनियमची डहाळी घातलेलं पाणी ओतायचं, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. तिला वाटलं, तो येईपर्यंत वाळेल. तो द्राक्षरसाच्या पिंपाची नळी विसरला होता, ती न्यायला परत आला. पायऱ्या बघितल्या, डहाळी बघितली आणि विचारलं, "कोण गेलं?" पाव आणायला जाणाऱ्याच्या मागे कुणी कळशी ओतत नाही, आणि त्या दुष्काळात तर नाहीच. स्तोयना काही बोलली नाही. एक अक्षर नाही. त्या घरात त्याच्या प्रश्नाला उत्तर न देण्याची तिची ती पहिली वेळ असेल. पण उत्तर पायऱ्यांवर ओलं पडलं होतं.

मी तिला झापलं. म्हटलं, अक्कल कुठे गहाण टाकलीस, मनातल्या मनात ओतायचं होतं. ती म्हणाली, "कोरड्या पायरीवरून कशी पाठवू, त्सोन्काताई? परीक्षेला निघाली तेव्हा ओतलं, आणि आज तर ती कायमची चालली."

नोव्हेंबरात मी ल्युतेनित्साच्या, मिरची-टोमॅटोच्या चटणीच्या, बरण्या आणि ते मोजे घेऊन विद्यार्थीनगरात आले. बॅग कामेनने तुझ्या खोलीत पलंगावर ठेवली होती, तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मोजे स्तोयनाने त्यातून कसे काढले, मी विचारलं नाही. तुझी खोली म्हणजे मिरचीच्या तळणाचा वास, थंड रेडिएटर, दुसऱ्या दोघींचे वाळत घातलेले कपडे, आणि दार खालून कुणीतरी लाथ मारून फोडलेलं, त्यावर प्लायवूडचा तुकडा. अंगावर मैत्रिणीचा कोट. तू मला किल्ली लावून दाखवलीस, काढून दाखवलीस, परत लावलीस. खूश होतीस, पण पलंग दाराला अगदी चिकटवून ठेवला होतास. मैत्रीण हसत म्हणाली, बाई, हिच्यामुळे आम्हाला पलंगावर चढून खोलीत यावं लागतं.

मी पाण्याचं सगळं सांगितलं. तू बरणीचं झाकण उघडत होतीस, थांबली नाहीस. म्हणालीस, "म्हणजे ती फितूर नाही, मूर्ख आहे. बरं."

तू लहान होतीस, मी सोडून दिलं. पण तू पुढेही लहानच राहिलीस, या एका बाबतीत. पदवी झाली, नोकरी झाली, आईला फोन सणावारी, तोही उभ्या उभ्या.

आणि माझा गैरसमज करून घेऊ नकोस, स्तोयनाला मी देवी करत नाही. बापाने दार काढलं तेव्हा स्क्रू तिने ॲप्रनच्या खिशात ठेवले होते. मी कुंपणावरून, उघड्या खिडकीतून पाहिलंय. पाणीही तिनेच ओतलं. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एकच ठेवून घ्यायचा तुला अधिकार नाही.

कामेन गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तू आलीस. उकडलेले गहू वाटून झाले, पिंप हलवायला आपण तिघी तळघरात उतरलो आणि मागे दार. बिजागऱ्या नव्हत्या, कामेनने त्या मळ्यातल्या खोपटाला लावून टाकल्या होत्या. स्तोयनाने भीतभीत विचारलं, "बसवून घ्यायचं का?" तू वाकलीस, खाचेवर बोटं ठेवून माप घेतलंस. म्हणालीस, "या जुन्या मापाच्या इथे मिळायच्या नाहीत. मी सोफियाहून आणते. बाई, तुम्ही सुताराला सांगून ठेवा." त्या संध्याकाळी तुझ्या आईने दोनदा वाढून घेतलं.

सुताराला, मेतोदीला, मी सांगितलं. आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी ते दार वर आणलं, तिने घासून रंगवलं आणि चौकटीशेजारी टेकवून ठेवलं. तू फोन केलास की ती तुला थंडीचं विचारायची. बिजागऱ्यांचं नाव घ्यायची नाही. मी चिडायचे, आठवण कर म्हणायचे. ती म्हणायची, "आठवण केली तर येईल, पण मग ती बिजागऱ्यांसाठी येईल."

या वसंतात तिला पुरायला तू आलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. ओला कोट तू त्याच दारावर अडकवला होतास. मी बघत होते. तुला आठवेल असं वाटलं.

दलालाला मी म्हटलं, दार राहू दे तिथेच. मेतोदी परवा कुंपणाशी थांबला, ते काम अजून आहे का, विचारत होता. मी सांगितलं, बिजागऱ्या सोफियाहून यायच्या आहेत.