भोपळ्याची पहिली चीर

मेंदूची शस्त्रक्रिया शिकणाऱ्याला कवटीला भोक पाडता आलं पाहिजे, आणि भोक पडताक्षणी थांबता आलं पाहिजे. पाडणं सोपं, थांबणं अवघड. म्हणून सरांनी मला लाल भोपळ्यावर सराव करायला सांगितलं. बुडाला छोटं झाकण कापायचं, गर कोरून काढायचा, पाणी भरलेला फुगा आत बसवायचा आणि वरून हाताने फिरवायच्या ड्रिलने भोकं पाडायची. फुगा म्हणजे मेंदूवरचं आवरण.

"सोमवारी सकाळी माझ्यासमोर पाडायचं," सर म्हणाले. "फुगा शाबूत राहिला तर त्या दिवशीचं ऑपरेशन तुमचं. फुटला तर सक्शनची नळी आहेच."

दीड वर्ष मी रक्त ओढून घेणारी ती नळी धरून उभी होते. मला तिचा वीट आला होता.

स्कूटीवरून तीन भोपळे घरी आणले आणि सुरी घेतली, तर सासूबाई आडव्या आल्या. त्यांचं माहेर येवल्याकडचं, आणि आवाज वावराच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा.

"आख्खा भोपळा बाईमाणसानं फोडायचा नाय. पहिली चीर पुरुषाची. मंग तू त्याचं काय बी कर."

"आई, मी माणसाचं डोकं उघडणार आहे."

"डोकं उघड. भोपळा नाय."

नवरा सातपूरला शिफ्टवर. म्हणून सासूबाईंनी समोरच्या काकांना हाक मारली. काका निवृत्त, त्यामुळे बोलावणं आलं की इस्त्रीचा शर्ट घालून येतात. मी त्यांना झाकण कुठे कापायचं ते खडूने आखून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, कोयता उचलला आणि एका घावात भोपळ्याची दोन शकलं केली. "अजून काही फोडायचंय?" असंही विचारलं. पुढचे दोन दिवस घरात भोपळ्याची भाजी आणि घारगे. काकांकडेही वाटी गेली, तेव्हा ते स्वतःच्याच हाताचं कौतुक करत होते.

दुसरा भोपळा नवऱ्याने कापला. तो कारखान्यात मापं तपासतो, तेव्हा भोपळाही त्याने मोजून मापून घेतला. झाकण इतकं देखणं निघालं की त्याने त्याचा फोटो काढला. पहिलं भोक मला छान जमलं. दुसऱ्याला जोर जास्त झाला, ड्रिल आत घुसलं आणि फुग्यातलं पाणी नवऱ्याच्या तोंडावर उडालं. तो हसला. मी चिडून स्वयंपाकघरातून निघून गेले, कारण हा दोष काकांच्या कोयत्यावर घालता येत नव्हता.

रविवारी तिसरा, शेवटचा भोपळा. नवरा पुन्हा शिफ्टवर. काका मात्र न बोलावता कोयता घेऊन दारात हजर. मला रडू यायचं बाकी होतं.

"भाऊ, तुमी घरी जा," सासूबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मग खाली बसल्या, भोपळा मांडीशी धरला आणि स्वतःच सुरीने झाकण कापायला लागल्या.

"आई, तुम्ही?"

"पहिला हात बाईचा असला आन काही वाईट झालं, तर लोक तिलाच धरत्यात. उद्या तुझं काही बिनसलं तर तुला बोल नको. माझ्या माथी येऊ दे. मी म्हातारी हाय."

आठवडाभर मी या बाईवर धुमसत होते.  आता चमचा घेतला आणि त्यांच्या शेजारी गर काढायला बसले.

सोमवारी सरांसमोर मी त्या भोपळ्याला भोक पाडलं. फुगा शाबूत राहिला. दुपारी टेबलावर वणीकडचे एक आजोबा होते, मोटरसायकलवरून पडलेले, डोक्यात रक्त साकळलेलं. सर हातमोजे चढवून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ते म्हणाले, "सुरुवात मी करून देऊ?"

"नको सर," मी म्हणाले. "पहिली चीर मीच देते."

संध्याकाळी आजोबांनी डोळे उघडले आणि चहा मागितला. मी घरी फोन लावला.

"पहिला हात कोणाचा?" सासूबाईंनी आधी तेच विचारलं.

"माझा."

"माणूस बोलला का?"

"बोलला. चहा मागतोय."

"मंग सांग की सगळ्यांना," त्या म्हणाल्या, "पहिला हात तुझा व्हता म्हणून."