आठ वाजताची कॅप्सूल

रक्ताच्या आजारासाठी माझ्या मूलपेशी धाकट्या भावाला दिल्या, त्याला तीन महिने झाले तेव्हा मी भुसावळहून जयपूरला त्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला गेले. वहिनीची शाळेतली रजा संपली होती आणि दिवसा त्याच्याजवळ कुणीतरी हवं होतं. माझ्या पेशींनी त्याच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून त्याला सकाळी आठला आणि रात्री आठला एकेक कॅप्सूल होती. दर आठवड्याला रक्त तपासून डॉक्टर तिचा डोस ठरवत.

वहिनी जयपूरमध्येच वाढलेली, माहेर मुरलीपुऱ्यात. मराठी बोलताना ती मध्येच 'मतलब' म्हणून थांबायची आणि मला वाटायचं, ही काहीतरी गाळतेय. मी आल्यावरच्या पहिल्याच तपासणीच्या सकाळी तिने कॅप्सूल भावाला दिलीच नाही, पर्समध्ये टाकली. परत आल्यावर कळलं, त्याने ती साडेदहाला घेतली. रोज आठचा गजर लावणारी बाई नेमकी त्या दिवशी अडीच तास उशीर करते, हे माझ्या डोक्यात बसलं. विचारलं मात्र नाही.

पुढच्या आठवड्यापासून तपासणीला मी नेऊ लागले. शाळेला निघताना वहिनी म्हणाली, "ताई, कॅप्सूल बरोबर न्या हं. मतलब, तिथे द्या."

मी हो म्हटलं, आणि ती गेल्यावर आठच्या ठोक्याला कॅप्सूल भावाच्या हातावर ठेवली.

"आज नंतर घ्यायची असते ना?" तो म्हणाला.

"औषधाची वेळ म्हणजे वेळ."

त्याने घेतली. माझ्या पेशी घेतल्यापासून तो माझ्याशी वाद घालत नसे.

रक्तात औषध फार जास्त निघालं. डॉक्टरांनी विचारलं, चकोतरा, म्हणजे पपनस, खाल्ला का, काही जडीबुटी चालू आहे का; अशानेही रक्तात औषध वाढतं. आम्ही नाही म्हटलं. डोस कमी झाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, डोस आणखी कमी. आता माझी खात्रीच झाली की वहिनी चोरून काहीतरी देतेय. दर रविवारी तिची आई डबा घेऊन यायची. मी तो स्वयंपाकघरात उघडून हुंगला, चाखलाही. मुगाची साधी खिचडी होती. मग वहिनी आंघोळीला गेली की मी कॅप्सूलच्या स्ट्रिप्स मोजू लागले. आकडा दर वेळी बरोबर यायचा. इतका बरोबर कसा, याचाही मला संशय आला.

दोन आठवड्यांनी भावाचे तळहात लाल झाले, मग तळपाय. खाज थांबेना. वहिनी अर्धी सुट्टी टाकून आमच्याबरोबर आली. डॉक्टरांनी हात पाहिले, मागचे कागद चाळले आणि मला विचारलं, "टेस्ट के दिन सुबह की कैप्सूल कब दी थी?"

"ठीक आठ बजे," मी म्हटलं. "हर बार. एक मिनट की देर नहीं की."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रक्त कॅप्सूलच्या आधी द्यायचं असतं, औषध सगळ्यात कमी असतं तेव्हा, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. मी औषध पोटात गेल्यावर रक्त काढायला लावत होते, म्हणून आकडा फुगलेला दिसत होता. त्या आकड्यावरून त्यांनी डोस घटवला, खरं औषध अपुरं पडलं आणि माझ्या पेशी आता त्याच्या कातडीवर उठल्या होत्या.

बाहेर बाकावर बसल्यावर मी तरीही वहिनीला म्हटलं, "तू मला नीट सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं, ताई. तुम्ही हो म्हणालात." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि स्ट्रिप्स मोजायच्या होत्या तर मलाच मागायच्या. मी आंघोळीला जायची वाट कशाला बघायची?"

भाऊ आमच्या दोघींच्या मध्ये मास्क लावून बसला होता.

डोस वाढवला, स्टेरॉइडही सुरू झालं. हातांची सालं निघाली आणि दीड महिन्यात कातडी बरी झाली. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. मी आणखी दोन महिने राहिले, स्वयंपाक केला, चादरी उकळल्या. तपासणीच्या दिवशी मात्र वहिनी स्वतः रजा टाकून जाऊ लागली. औषधांचा डबा तिने कपाटात ठेवला आणि किल्ली तिच्या पर्समध्ये गेली. दुपारी एखादी गोळी द्यायची असली तर सकाळीच ती वाटीत काढून, वर चिठ्ठीवर वेळ लिहून जायची. मी चिठ्ठीवरची वेळ बघूनच ती भावाच्या हातावर ठेवायचे.