सतरावा नंबर

माझ्या वर्गात रोज सकाळी एका मुलाकडे चार कामं असायची. फळ्यावर वार लिहायचा. खिडकीतून आभाळ बघून सूर्य, ढग किंवा पाऊस यांपैकी एक चित्र खिळ्याला लावायचं. हजर मुलांएवढ्या काड्या डब्यात टाकायच्या आणि दहा-दहाच्या जुड्यांना रबर लावायचं. शेवटी वर्गासमोर उभं राहून हे सगळं मोठ्याने सांगायचं. पहिलीच्या मुलांना वाचन, गिनती आणि बोलणं एकदमच येतं त्याने. पंचवीस वर्षं पहिलीला शिकवलं, यापेक्षा चांगली पद्धत मला सापडली नाही.

हे काम हजेरीच्या क्रमाने मिळायचं. यादी दाराच्या मागे लावलेली, नंबर झाला की नावापुढे खूण. गैरहजर राहिलं की नंबर फेरीच्या शेवटी. अदलाबदल नाही.

शेवटचा नियम मी रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर घातला. आमची शाळा शंकर नगरात. त्या दोन-तीन वर्षांत आसपासच्या घरांवर नव्या पाट्या लागल्या, भोपाळहून बदलून आलेल्यांची मुलं वर्षाच्या मध्येच वर्गात येऊ लागली. एकदा एका साहेबांचा चपराशी चिठ्ठी घेऊन आला. मुलाचा वाढदिवस आहे, आज काड्या त्याला मोजू द्या. मी चिठ्ठीच्या मागेच लिहून दिलं की त्याचा नंबर तेविसावा आहे. स्टाफरूममध्ये दोन दिवस माझं कौतुक चाललं होतं. मला ते आवडलंही होतं.

सतरावा नंबर एका मराठी मुलीचा होता. तिचे वडील रेल्वेत होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. वर्गात ती सगळ्यांसारखी हिंदी बोलायची आणि मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन मराठीत विचारायची, "माहा नंबर कधी येते?" मी यादीकडे बोट दाखवायची. ती बोटाने ओळी मोजायची आणि परत जाऊन बसायची.

एका सोमवारी शाळा सुटल्यावर तिची आई आली. समता कॉलनीतल्या डॉक्टरांकडे आईचे उपचार चालू आहेत एवढं मला माहीत होतं. अंगावरचं स्वेटर दोन मापं मोठं वाटत होतं. जिना चढून आल्यावर ती जरा वेळ कठड्याला धरून उभी राहिली.

"बाई, एक विचारू काय? बुधवारी मले नागपूरले नेऊन राहिले, मोठ्या दवाखान्यात. पोट्टीचा नंबर त्याच्या आधी येते काय?"

मी वही उघडली. "आज अकरावा झाला. तिचा येत्या सोमवारी."

"घरी तर रोजच शाळा घेते," ती हसली. "मले विचारते, मम्मी, आज कोनता वार? चुकला का म्हणते, उभी राह्य! मी खाटेवरूनच हात वर करतो. म्हटलं, एकडाव शाळेतलं पाहून घ्यावं."

मी तिला नियम समजावला. एकाचं ऐकलं तर अडतीस जणांचं ऐकावं लागतं, चपराशाची चिठ्ठी, सगळं. ती ऐकत राहिली. "हव, बरोबर आहे बाई. नियम तर सगळ्यायले सारखाच पाह्यजे," म्हणाली आणि सावकाश जिना उतरून गेली. कोणी वाद न घालता ऐकलं की मला बरं वाटायचं. त्या दिवशीही वाटलं.

मंगळवारी हजेरी घेऊन मान वर केली तर फळ्यापाशी सतरावा नंबर खडू घेऊन उभा. बारावा नंबर असलेली मुलगी जागेवर बसून नव्या शार्पनरने पेन्सिलीला टोक काढत होती. मागून कोणीतरी ओरडलं, "मैडम, इसने शार्पनर देके नंबर लिया है!"

वर्ग खदखदून हसला. मी दोघींना उभं केलं. शार्पनर परत करायला लावला, खडू बारावीच्या हातात दिला. सतरावी रडली नाही. तिने फक्त खिडकीकडे बघितलं. तिच्यामागोमाग मीही बघितलं. व्हरांड्यातल्या बाकावर तिची आई बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. आमची नजर भिडली तेव्हा तिने 'असू द्या' असा हात हलवला, बाकाला धरून उठली आणि निघाली. व्हरांडा लांब आहे आमचा. ती हळू चालत होती. हाक मारायला भरपूर वेळ होता. बारावी काड्या मोजत होती आणि मी तिच्या जुड्या तपासत होते.

बुधवारपासून मुलगी आली नाही. तिलाही नागपूरला नेलं होतं. सोमवारी मी तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहिलं आणि अठराव्याला बोलावलं.

महिन्याभराने तिचे वडील टी.सी. मागायला आले. डोक्यावर टोपी होती, कडेने नुकतेच उगवलेले केस दिसत होते. मुलगी आता भंडाऱ्याला आजीकडे राहणार होती. मी काय बोलले ते आठवत नाही. त्यांचं आठवतं.

"दवाखान्यात रोज सकाळी खाटेपाशी उभी राहे. आज गुरुवार, आज ढग. हजर किती, तर तीन. तिची मम्मी, मी, अन् पोट्टी सोता. नर्स आली का चार करे. आखरीले तिची आई आयकून राहिली होती का नाही, काही समजे नाही. पोट्टी सांगतच राहे."

मुलगी दाराशी उभी होती. सकाळचीच वेळ होती, वार अजून लिहिला नव्हता. मी खडू उचलला, तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "ये बेटा, आज तू लिही."

तिने आधी खडूकडे बघितलं. मग दाराच्या मागच्या यादीपाशी गेली आणि बोट वरून खाली नेत ओळी मोजल्या. दुसरी फेरी सुरू झाली होती.

"आज चार नंबर का है, मैडम," ती म्हणाली.

"आज मी सांगते ना. तूच लिही."

तिने नाही म्हणून मान हलवली. चौथ्या नंबरची मुलगी पुढच्याच बाकावर होती. सतरावीने खडू माझ्या हातातून घेतला, त्या मुलीला नेऊन दिला, आणि वडिलांचं बोट धरून व्हरांड्यात गेली.

त्या दिवशी छत्तीस काड्या झाल्या. तीन जुड्या आणि सहा सुट्या. मी दोनदा मोजल्या.