चार बादशहा आणि एक बटण

पहिली खटकणारी गोष्ट बटणाएवढी होती. म्हणजे बटणच होतं. नानाकाकांनी सतरंजीवर रोमच्या बादशहांची रांग लावली : गॅल्बा, मग कोटाचं चार भोकांचं बटण, मग व्हिटेलियस. मधल्या ओथोचं नाणं त्यांच्या खिशातच राहिलं होतं. बटणावर बोट ठेवून त्यांनी ओथोची सगळी कहाणी सांगितली. गॅल्बाचा खून, तीन महिन्यांचं राज्य, डोक्यावरचा खोट्या केसांचा टोप, सगळं.

 कहाणी संपल्यावर करीमचाचांनी वाकून पाहिलं.

"माशाल्ला, मास्तर! आज तुमच्या बादशाचे चार डोये दिसून राह्यले!"

सगळे हसले. नानाकाकाही हसले, पण कशाला ते त्यांना कळलेलं नव्हतं.  मी भांडं पडलं तरी दचकणारी, म्हणून ते बटण तसंच राहू दिलं.

असले किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. ते नानाकाकांच्या नाण्यांच्या डबीसारखं असतं. एक दिवस झाकण लागत नाही, तेव्हा समजतं किती साठलेत!

*

ही बैठक मंगरूळपीरला, बाजाराच्या दिवशी, करीमचाचांच्या अत्तराच्या दुकानात भरायची. सभासद तीन. नानाकाका म्हणजे माझे चुलते, रिटायर्ड हेडमास्तर. दुसरे दुकानवाले करीमचाचा. तिसरे धनजचे बापूराव पाटील. मी नागपूरहून इतिहासात बी.ए. होऊन आले होते, म्हणून मला कोपऱ्यात स्टूल!

नीरो मेला आणि रोममध्ये एकाच वर्षात चार बादशहा झाले. त्यांतले तीन आमच्याकडे होते. गॅल्बा बापूरावांच्या नांगराला लागला, ओथो नानाकाकांनी सोनाराच्या मुशीतून वाचवला, व्हिटेलियस करीमचाचांनी हैदराबादेहून आणला. चौथा व्हेस्पाशियन तेवढा नव्हता.

नियम एकच. ज्याचं नाणं, त्यानं त्या बादशहाची बाजू घ्यायची. ओथोनं गॅल्बाला मारवलं, म्हणून बापूराव नानाकाकांच्या हातचा चहा घेत नसत.

"मास्तर, तुमच्या मानसानं आमचं म्हतारं भर चौकात कापलं. चहा कसा घेऊ?"

"अहो पाटील, अठराशेवर वर्षं झाली त्याला!"

"मंग? आमच्या भावकीत याहून जुनं चालू आहे!"

आणि उठून स्वतःच्या हातानं ओतून घेत. त्याच किटलीतला.

*

व्हिटेलियस खादाड. दिवसातून चार-चार मेजवान्या झोडायचा, असं मी एकदा पुस्तकातून वाचून दाखवलं. नेमका रमजान होता. बापूराव चिवड्याचा बकाणा भरून म्हणाले, "चाचा, तुमचा बादशा चार डाव जेवे. तुमी काहून उपाशी बसून राह्यले?"

"त्याच्याच वाट्याचे रोजे धरून राह्यलो, पाटील. त्यानं तर एक भी नाई धरला!"

*

चौथा बादशहा चालत आला.

मानोऱ्याकडच्या तांड्यावरची झमकू बाजारात डिंक विकायला यायची. तिच्या गळ्यात रुपयांची माळ, आणि रुपयांच्या बरोबर मध्ये जाड मानेचा एक टकल्या म्हातारा. बापूरावांनी दुकानातूनच आरोळी ठोकली, "व्हेस्पाशियन!"

मी स्टुलावरून पडले.

बापूरावांनी त्या नाण्याच्या बदल्यात बकरी देऊ केली. पिलासकट देऊ केली. झमकू म्हणाली, "गयातलं गयातच राह्यते, पाटील. पाहाचं असन तं पाहा."

तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मी सांगितलं, की या व्हेस्पाशियननं मुतारीवर कर बसवला होता. मुलगा नाक मुरडायला लागला, तेव्हा यानं नाणं त्याच्या नाकाशी धरून विचारलं, "येतो का वास?"

करीमचाचा अत्तरवाले. खात्री करून घ्यायला ते नाक पुढे करून माळेवर वाकले.

झमकूनं डिंकाची टोपली डोक्याच्या वर उचलली. "माह्या गयाचा वास घेतं का रे म्हताऱ्या!"

चाचा मागच्या मागे बाटल्यांवर बसले. पुढे महिनाभर त्यांच्या पायजम्याला गुलाबाचा वास येत होता. मला म्हणाले, "बेटी, इतिहास लय धोक्याचा असते."

त्या दिवसापासून झमकू दुकानाची पायरी चढली नाही. बाजारात मात्र पोरंसोरंही तिला व्हेस्पाशियन म्हणायला लागली. ती दर वेळी उलटायची, "नाव नको ठेवू मले! झमकू म्हन, झमकू!"

या गडबडीत नानाकाकांचं ते नाणं पाहायचं राहूनच गेलं. लांबचं त्यांना आधीपासूनच कमी दिसायचं, आणि जवळ कोण जाणार?

*

बटणानंतर त्यांना अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन गुरुवारी. दिसेल. फसलं, तर आहे तेवढंही नाही दिसणार."

नानाकाकांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. बैठकीत एवढंच म्हणाले, "अजून उन्हात भिंगाखाली धरलं की चेहरा दिसतो. चौघे एकदा ओळीत पाहिले असते तर बरं झालं असतं."

बापूराव सतरंजीकडे बघत म्हणाले, "तांडा उद्या सकाळी कामाले जाऊन राह्यला. चार-सा महिने परत येत नाई."

"मी जाऊन तिला घेऊन येते," कोणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलं. माझ्या मागे भिंत होती.

*

दुसऱ्या दिवशी पहाटेच करीमचाचांनी दमणी जुंपून मला तांड्यापर्यंत नेलं आणि बैल रस्त्यावरच थांबवले. "तू जाय बेटी. माहं अन् कुत्र्यायचं जमत नाई. अन् तिचं-माहं तं मुईच नाई."

तांडा निघालाच होता. गाड्या भरलेल्या, झोपड्यांची दारं काट्यांनी बंद केलेली. मी लांबूनच हाक मारली, "झमकूबाई!"

कोणी वळलं नाही. कुत्री तेवढी वळली.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोन्ती झमकू? सा जनी आहेत."

"गळ्यात नाण्यांची माळ आहे, ती."

"साही जनीच्या गयात आहे."

"डिंक विकते."

"साही जनी इकते. नवऱ्याचं नाव सांग."

चार बादशहांच्या बापांची, आज्यांची नावं मला पाठ होती. झमकूच्या नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं.

पहिली गाडी हलली. दुसरी हलली. एक कुत्रं माझ्या लुगड्याचा काठ हुंगत होतं. मी डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडले, "व्हेस्पाशियन!"

तिसऱ्या गाडीतून आवाज आला, "ओ!"