आकडे आधी, अधिक शेवटी

कापेल या डच गावातल्या ऑफिसात माझ्यासमोर बसणारे गृहस्थ जुन्या सोव्हिएत युनियनमधले. टेबलावर कंपनीचा लॅपटॉप, आणि शेजारी तिकडचाच एक जाडजूड प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर. तिकडच्या लष्करात म्हणे असल्याच कॅल्क्युलेटरवर गुप्त संदेश बनवायचे, अशी ऑफिसात कुजबुज होती.

त्यावर आधी दोन्ही आकडे द्यायचे आणि अधिकचं बटण शेवटी दाबायचं. डच सहकारी दोनच्या पाठोपाठ अधिक दाबायचे आणि वैतागायचे. मला मात्र ते पहिल्या फटक्यात जमलं. आपण तरी काय म्हणतो? "दोनात तीन मिळव." मिळवणं शेवटीच. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत कॅल्क्युलेटर हाताळायची परवानगी फक्त मला. त्या गृहस्थांचं इंग्रजीही त्याच वळणाचं होतं: "थंडी, खिडकी, बंद."

एकदा ते भराभर बटणं दाबत असताना मी मागून जाऊन विचारलं, "ते गुप्त संदेशांचं खरं आहे का हो?"

मान वळण्याआधी त्यांचा अंगठा हलला. वरची कळ सरकली आणि हिरवे आकडे विझले. बंद केला की आतला सगळा प्रोग्रॅम पुसला जातो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"चंद्रावर यान उतरवायचा खेळ," ते हसून म्हणाले. "आता पहिल्यापासून, सगळा, टाईप."

असेलही. पण खेळात रंगलेला माणूस, मागून कुणी आलं की स्कोअर दाखवतो. यांच्या अंगठ्याला वेगळंच शिकवलेलं होतं.